सामोआचे खेळाडू, सिडनीची मैदाने: रग्बी लीगविषयी वाचकांचे प्रश्न

रग्बी लीग आपल्याकडे फारसे दिसत नाही, तरी सामोआच्या खेळाडूंविषयी विचारणारी पत्रे येत असतात. काही महाराष्ट्र-गोव्यातून येतात, काही सिडनीच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी घरांतून. त्यांतल्या नऊ पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. जमेल तिथे एकाच खेळाडूचे उदाहरण घेतले आहे: स्टीफन क्रायटन, जन्म २२ सप्टेंबर २०००, आपिया, सामोआ. नियम कागदावर वाचण्यापेक्षा एका माणसाला लावून पाहिले की लवकर उमजतात.

प्रश्न (पुणे): २०२२ च्या विश्वचषकात सामोआने इंग्लंडला २७-२६ असे हरवले, तो सामना पाहिला. त्याआधी महिनाभर याच इंग्लंडने त्यांचा ६०-६ असा फडशा पाडला होता. एवढ्या थोड्या दिवसांत संघ इतका कसा बदलला?

उत्तर: आधी तारखा पाहा. ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धेचा अंतिम सामना २ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. पेनरिथ पँथर्सने पॅरामॅटाला २८-१२ असे हरवले. सामोआ संघाचा कणा याच दोन क्लबांत विभागलेला होता. क्रायटन, जरोम लुआई आणि ब्रायन टोओ पेनरिथकडे, तर कर्णधार ज्युनियर पाउलो पॅरामॅटाकडे. विश्वचषकाचा पहिला सामना १५ ऑक्टोबरला, तोही इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला. हंगामभराची दुखणी अंगावर घेऊन आणि अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून आलेल्या या मंडळींना एकत्र सरावाला धड दोन आठवडेही मिळाले नाहीत.

लीगमध्ये एकेकट्याचे कौशल्य लगेच दिसते, पण बचावाच्या रांगेची कडा जुळायला वेळ लागतो. कडेला सेकंड-रो, सेंटर आणि विंगर शेजारी शेजारी उभे असतात. समोरून चेंडू सरकत आला की आत दाबायचे की जागा धरून बाहेर सरकायचे, हे तिघांना एकाच क्षणी ठरवावे लागते. एक आत गेला आणि दुसरा बाहेर राहिला, तर मधली दोन मीटरची फट पुरते. न्यूकॅसलला दुसऱ्या अर्धात सामोआचा बचाव असाच उसवत गेला.

पुढे ग्रीसविरुद्ध ७२-४ आणि फ्रान्सविरुद्ध ६२-४ असे विजय मिळाले. प्रतिस्पर्धी दुबळे होते हे खरे, पण संघाला सामन्याच्या वेगात एकमेकांची सवय करून घेता आली. खरी कसोटी लागली वॉरिंग्टनला टोंगाविरुद्ध. तो उपांत्यपूर्व सामना २०-१८ असा सुटला आणि आमच्या मते सामोआचा संघ त्या दिवशी घडला. १२ नोव्हेंबरला लंडनच्या एमिरेट्स मैदानावर ८० मिनिटांअखेर २६-२६ अशी बरोबरी होती. जादा वेळेत जो पहिला गुण करेल तो जिंकतो. अशा वेळी संघ चेंडू हळूहळू मैदानाच्या मधोमध, खांबांच्या समोर आणतो. मग एक जण दहा-बारा मीटर मागे उभा राहतो, पास घेतो, चेंडू जमिनीवर टेकू देतो आणि उसळत्या चेंडूला लाथ घालतो. टेकण्याआधी मारला तर तो गोल धरत नाहीत. हे काम सहसा हाफबॅकचे, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्याचे असते. त्या संध्याकाळी ते एका सेंटरने केले, २२ वर्षांच्या क्रायटनने.

१९ नोव्हेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवरच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३०-१० असे हरवले. तरी १९५४ पासून चालत आलेल्या या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड वगळता पॅसिफिकमधला एकही देश त्याआधी अंतिम फेरीत पोहोचला नव्हता.

प्रश्न (नागपूर): ऑलिंपिकमध्ये दिसते ते रग्बी आणि रग्बी लीग यांत फरक काय?

उत्तर: ऑलिंपिकमधला खेळ रग्बी युनियनचा सात जणांचा प्रकार आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळतात तीही युनियनच.

लीगचा जन्म मजुरीच्या प्रश्नातून झाला. गिरणगावाच्या लोकांना ही गोष्ट लगेच कळेल. इंग्लंडच्या उत्तरेकडचे गिरणी आणि खाण कामगार शनिवारची पाळी बुडवून खेळायला येत. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी असे त्यांच्या क्लबांचे म्हणणे होते. ते नाकारले गेले आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब वेगळे झाले. १९०६ मध्ये त्यांनी खेळाडू १५ वरून १३ केले.

आजचा नियम थोडक्यात असा: आक्रमक संघाला सहा पकडी मिळतात. प्रत्येक पकडीनंतर खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो आणि मागचा उचलतो. तोवर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे हटायचे. सहावी पकड झाली की चेंडू समोरच्यांचा, म्हणून पाचवीनंतर बहुधा लाथ मारतात. ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे; त्याला ४ गुण (युनियनमध्ये ५), त्यानंतरच्या किकला २, पेनल्टीला २ आणि फील्ड गोलला, म्हणजे वर सांगितलेल्या उसळत्या चेंडूच्या लाथेला, १. एनआरएलमध्ये ४० मीटरच्या पलीकडून मारलेल्या फील्ड गोलला २०२१ पासून २ गुण मिळतात.

प्रश्न (ब्लॅकटाउन, सिडनी): माझा १३ वर्षांचा मुलगा सामोअन मित्रांबरोबर क्लबमध्ये खेळतो. तिथे इतक्या लहान वयात 'करारा'च्या गोष्टी कानावर येतात. ही वाट नेमकी कशी असते आणि आम्ही कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर: तुमच्या घराच्या आसपासच ही वाट सुरू होते. लुआई आणि टोओ माउंट ड्रुइटकडचे, दोघेही सेंट मेरीजच्या ज्युनियर क्लबमधून पुढे आले. न्यू साउथ वेल्समधल्या पायऱ्या अशा आहेत: स्थानिक ज्युनियर क्लब, मग जिल्ह्याचा निवड गट, मग १७ वर्षांखालील हॅरल्ड मॅथ्यूज कप, १९ वर्षांखालील एसजी बॉल कप, २१ वर्षांखालील जर्सी फ्लेग, त्यावर प्रौढांचा न्यू साउथ वेल्स कप आणि शेवटी एनआरएल. वरच्या संघात मुख्य यादी ३० जणांची. तिच्याबाहेर काही विकास करार असतात आणि काहींना फक्त हंगामपूर्व सरावापुरते बोलावतात. १८ वर्षांखालच्याला एनआरएलमध्ये सहसा उतरवत नाहीत. जोसेफ सुआली २०२१ मध्ये १७ व्या वर्षी खेळला तो खास परवानगी घेऊन.

सामोअन मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो लवकर येणाऱ्या अंगबांध्यामुळे. तेराव्या वर्षी ८५ किलोचा मुलगा समोरच्यांना तुडवत जातो. त्याला प्रॉप (मधोमध धडका घेणारा दांडगा खेळाडू) करून ठेवतात, दर शनिवारी तीन ट्राय होतात आणि सगळे खूश. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात. तेव्हा लक्षात येते की याला डाव्या हाताने पास देता येत नाही, उंच चेंडू झेलता येत नाही आणि टक्करीआधी पाय हलवता येत नाहीत. ऑकलंडमध्ये काही गट वजनावर ठरतात त्याचे कारण हेच. सिडनीत उपाय तुमच्या हातात आहे. प्रशिक्षकाला सांगून मुलाला हंगामात निदान दोन जागांवर खेळवा, त्यांतली एक कडेची असू द्या. उलट तुमचा मुलगा अंगाने किरकोळ असेल तर घाबरून खेळ सोडायला लावू नका. हाफबॅक आणि हुकरची (पकडीनंतर मागून चेंडू उचलून खेळवणाऱ्याची) समज पंधराव्या-सोळाव्या वर्षानंतर कामी येऊ लागते, तोवर टिकणे महत्त्वाचे.

करार समोर आला तर सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी मागा. मुदत किती वर्षांची. वाढीव वर्षाचा पर्याय कोणाच्या हातात, खेळाडूच्या की क्लबच्या. क्लबच्या हातात असेल तर मुलगा बांधला जातो, क्लब मात्र मोकळा राहतो. शाळेची फी आणि प्रवास कोण देणार. मोठी दुखापत झाली तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरच्या महिन्यांचे काय. दुसऱ्या शहरात जावे लागले तर राहण्याची सोय कोणाच्या घरी. एजंट नोंदणीकृत आहे का, हे खेळाडूंच्या संघटनेकडे विचारता येते. रोख रक्कम किंवा गाडी देऊन घाईने सही मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरा धोका एकविशीच्या सुमारास येतो. जर्सी फ्लेगची वयोमर्यादा संपते, वरच्या यादीत जागा नसते आणि हातात शिक्षणही नसते. म्हणून या वयात प्लंबिंग, वीजकाम किंवा पदवी यांपैकी काहीतरी चालू असलेच पाहिजे. संध्याकाळच्या सरावाबरोबर ते जमते. याबाबतीत आम्ही कोणालाही सूट देणार नाही, मुलगा कितीही गुणी असो.

प्रश्न (डोंबिवली): सामोआचे बरेचसे खेळाडू जन्माने ऑस्ट्रेलियाचे किंवा न्यूझीलंडचे. मग ते सामोआकडून कसे खेळतात? आणि तेच लोक न्यू साउथ वेल्सकडूनही कसे दिसतात?

उत्तर: दोन वेगवेगळे नियम आहेत. देशाकडून खेळायला स्वतःचा, आईवडिलांपैकी कोणाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म त्या देशात झालेला असावा लागतो, नाहीतर तिथे बरीच वर्षे वास्तव्य असावे लागते. देशांच्या दोन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत फक्त ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड, बाकी सगळे दुसरीत. वंशाचा आधार असेल तर पहिल्या श्रेणीतल्या देशाकडून खेळलेल्यालाही दुसऱ्या श्रेणीतल्या देशाकडून खेळता येते, मात्र एका स्पर्धेत एकच जर्सी.

स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या राज्यांमधली दरवर्षीची तीन सामन्यांची मालिका, १९८० मध्ये एका सामन्याने सुरू झालेली. तिथे पाहतात की खेळाडू तेराव्या वाढदिवसाआधी त्या राज्यात राहिला होता का. क्रायटनला हे लावून पाहा. जन्म आपियाचा, म्हणून सामोआ. लहानपणीच सिडनीत आला, म्हणून न्यू साउथ वेल्स. दोन्ही दारे उघडी. २०२२ मध्ये तो, लुआई आणि पाउलो जून-जुलैत निळ्या जर्सीत ओरिजिन खेळले आणि ऑक्टोबरात सामोआच्या.

नियमाने दार उघडले तरी त्यातून आत जायचे की नाही हा निर्णय खेळाडूचा असतो. ऑस्ट्रेलियाकडून खेळण्यात विश्वचषक हाती लागण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. ऑस्ट्रेलियाच्या निवडीत सहज बसतील अशा माणसांनी सामोआ निवडला म्हणूनच तो अंतिम सामना घडला. जेमतेम दोन लाख वस्तीच्या देशासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

प्रश्न (कोल्हापूर): मी कुस्तीतला माणूस. लीगमधली पकड पाहिली की ती कुस्तीच वाटते, पण समोरच्याला पाडूनही झटापट चालूच राहते. असे का? आणि बुटका विंगर ब्रायन टोओ इतक्यांना अंगावर घेऊन पुढे कसा जातो?

उत्तर: तुमची नजर बरोबर आहे. फरक एवढाच की कुस्तीत चीतपट झाला की निकाल लागतो, इथे चीत करतात ते वेळ मिळवण्यासाठी. बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जाऊन रांग लावायची असते. पडलेला खेळाडू झटकन उठून चेंडू सारतो तेव्हा रांग अजून मागे पळतच असते आणि पुढच्या धावेला मोकळे रान मिळते. त्याला एक सेकंद जास्त अडकवले तर रांग उभी राहते. सगळी झटापट त्या एका सेकंदाची.

तिघांची कामे ठरलेली असतात. पहिला छातीवर, चेंडूच्या उंचीवर धडकतो आणि वेग मारतो. दुसरा चेंडूभोवती हात घालून तो बांधतो, नाहीतर पडता पडता पास सुटतो. तिसरा पाय सांभाळतो. तिघांना मिळून त्याला पाठीवर पाडायचे असते, कारण पाठीवरून उठताना माणसाला आधी पोटावर वळावे लागते. पंच 'पकडला' असे ओरडले की सोडावेच लागते. रेंगाळले तर २०२० पासून पंच खेळ न थांबवता सहा पकडी नव्याने मोजायला लावतात. मेलबर्न स्टॉर्मने २००० च्या दशकात जुजुत्सूचा प्रशिक्षक आणला, तेव्हापासून मॅटवरचा सराव सगळ्याच क्लबांत नेमाचा झाला आहे.

यातली सर्वांत वाईट चूक तिसऱ्याची. मागून कमरेला धरून तो स्वतःचे सगळे वजन उभ्या खेळाडूच्या पोटऱ्यांवर टाकतो. खाली अडकलेला घोटा पिळतो, अस्थिबंध फाटतात आणि खेळाडू कित्येक आठवडे बाहेर. यावर आता बंदीची शिक्षा होते. योग्य रीत म्हणजे खुबा जमिनीवर बाजूला पडू देणे, समोरच्याच्या पायावर नव्हे.

आता टोओ. त्याची उंची सुमारे १८२ सेंटिमीटर, विंगरच्या मानाने कमी, पण मांड्या प्रॉपसारख्या. समोरच्या संघाने लांब लाथ मारली की त्याच्या संघाचे दांडगे फॉरवर्ड्स मागे परतत असतात, दमलेले. त्या वेळची पहिली किंवा दुसरी धाव विंगरने घ्यायची अशी आधुनिक पद्धत आहे. टोओ टक्करीच्या दोन पावले आधी बाजूला सरकतो, त्यामुळे पहिला धडकणारा छातीऐवजी खांद्यावर येतो. कंबर खाली, पावले आखूड आणि टक्कर झाल्यावरही गुडघे चालूच. पडतानासुद्धा तो कोपर आणि गुडघ्यांवर, तोंड पुढे करून पडायचा प्रयत्न करतो, म्हणजे वळायचा वेळ वाचतो. एका सामन्यात दोनशे मीटरहून जास्त अंतर असे रेटून काढणे त्याला नवीन नाही.

तुम्हाला क्रायटनचा एक डावही आवडेल. २०२१ च्या एनआरएल अंतिम सामन्यात ८-८ अशी बरोबरी असताना साउथ सिडनीच्या कोडी वॉकरचा लांब पास त्याने मध्येच उचलला आणि थेट ट्राय केला. पेनरिथ १४-१२ असे जिंकले. असा पास हेरायचा तर सेंटरने चेंडूकडे न पाहता पास देणाऱ्याच्या कमरेकडे आणि खांद्यांकडे पाहायचे असते. अंदाज चुकला तर मागे आपला विंगर दोघांसमोर एकटा पडतो, म्हणून हा डाव सामन्यात एखाद्या वेळीच टाकतात.

प्रश्न (ठाणे): या खेळाडूंना पैसे किती मिळतात? सामोअन खेळाडू कमावतात खूप, पण निवृत्तीनंतर हाती काही उरत नाही असे ऐकले.

उत्तर: एनआरएलमध्ये प्रत्येक क्लबच्या खर्चावर कमाल मर्यादा असते. २०२३ मध्ये ३० खेळाडूंसाठी ती १ कोटी २१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. सरासरी काढली तर माणशी चार लाख येतात, पण सरासरीने फसू नका. हाफबॅक आणि फुलबॅक (सर्वांत मागे उभा राहणारा) दहा-दहा लाख घेऊन जातात आणि यादीच्या तळाशी किमान वेतनावरचे तरुण असतात. २०२३ मध्ये ते किमान वेतन १,२०,००० डॉलर होते.

एवढ्या रकमेचा हिशोब मांडू. २०२४-२५ च्या दरांनी आयकर २६,७८८ डॉलर, मेडिकेअरचा (सरकारी आरोग्यविम्याचा) २ टक्के कर २,४०० डॉलर. उरले ९०,८१२, म्हणजे महिन्याला सुमारे ७,५७०. त्यातून एजंटची टक्केवारी जाते, आणि ती कर कापण्याआधीच्या पूर्ण रकमेवर मोजतात. मग सिडनीचे घरभाडे. मुलगा एनआरएलमध्ये आहे म्हणजे श्रीमंत आहे, असे गावाकडे वाटते ते इथेच चुकते.

आता घर. सामोअन कुटुंब म्हणजे 'आइगा', त्यात चुलत-आते-मावस सगळे आले. लग्न, मयत, कुळप्रमुखाची म्हणजे 'मताई'ची पदवी, चर्चचे काम, अशा प्रसंगांना 'फाआलावेलावे' म्हणतात आणि त्यात वाटा उचलणे कर्तव्य असते. आपल्या आहेरासारखे समजा, पण देणे-घेणे अख्ख्या कुळाचे. बाहेर राहणाऱ्यांनी पाठवलेल्या पैशावर सामोआतली असंख्य घरे उभी आहेत. एक सामोअन म्हण आहे: 'ओ ले आला इ ले पुले ओ ले ताउतुआ', अधिकाराकडे जाणारी वाट सेवेतून जाते. म्हणून 'घरच्यांना पैसे देऊ नकोस' हा सल्ला निरुपयोगी आहे आणि अपमानकारकही. खेळाडू देणारच, आणि त्याने द्यावेच. ते मोजून द्यावे एवढेच सांगता येते.

मोजून म्हणजे असे: पगार जमा होताच ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात जाऊ द्यायचा. हाती येणाऱ्या रकमेचा पंधरा टक्के धरला तर वरच्या उदाहरणात वर्षाला सुमारे १३,६०० डॉलर होतात. त्या खात्याची जबाबदारी घरातल्या एकाच वडीलधाऱ्या माणसाकडे, बहुधा आईकडे. मागण्या तिच्याकडे जातात आणि खेळाडूला सामन्याच्या आदल्या रात्री फोन येत नाहीत. खाते रिकामे झाले तर पुढच्या पगारापर्यंत थांबायचे. पैसे पाठवताना फक्त फी पाहू नये, विनिमय दरातही कापून घेतात, म्हणून समोर किती ताला (सामोआचे चलन) पडणार ते विचारावे आणि चार छोट्या रकमांऐवजी एक मोठी पाठवावी. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहणे मात्र पूर्ण टाळावे. करार दोन वर्षांचा आणि हप्ते सात वर्षांचे, यातच बहुतेक जण बुडतात.

करार संपण्याआधीच्या वर्षी १ नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्लबांशी बोलता येते. क्रायटन तीन विजेतेपदांनंतर (२०२१, २०२२, २०२३) पेनरिथ सोडून २०२४ पासून कँटरबरी बुलडॉग्जकडे गेला आणि तिथे कर्णधार झाला. लुआईनेही चौथ्या विजेतेपदानंतर २०२५ मध्ये वेस्ट्स टायगर्स गाठले. जिंकणाऱ्या क्लबला सगळ्यांचे वाढलेले भाव मर्यादेत बसवता येत नाहीत, म्हणून अशी माणसे जातात. त्यांना बेइमान म्हणणे अन्याय आहे. बहुतेकांची कारकीर्द तिशीच्या आसपास आटोपते आणि मोठा करार आयुष्यात एकदाच येतो.

प्रश्न (नाशिक): डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला बाहेर नेतात आणि कधी पंधरा मिनिटांत परत आणतात. हे सुरक्षित आहे का?

उत्तर: लक्षणे स्पष्ट असतील, म्हणजे शुद्ध हरपली, तोल गेला, झटके आले, तर त्या दिवशी परत येता येत नाही. शंका असेल तर पंधरा मिनिटांची तपासणी होते: स्मरणशक्ती, तोल, प्रश्नोत्तरे. क्लबच्या डॉक्टरशिवाय एक स्वतंत्र डॉक्टर चित्रफीत पाहत बसलेला असतो आणि तोही खेळाडूला बाहेर काढू शकतो. निदान झाले तर २०२३ पासून किमान ११ दिवसांची सक्तीची विश्रांती आहे.

मार चेंडूवाल्यापेक्षा पकड करणाऱ्याला जास्त बसतो. ताठ उभा राहून धडकला किंवा डोके धावणाऱ्याच्या पुढच्या बाजूला राहिले, तर समोरचा खुबा किंवा गुडघा थेट कानशिलावर येतो. डोके धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या नितंबाला चिकटून, ही रीत लहानपणीच अंगवळणी पडायला हवी. मुलांसाठी ऑस्ट्रेलियातला सल्ला अधिक कडक आहे: लक्षणे पूर्ण गेल्यावर १४ दिवस टक्करीचा सराव नाही, आणि मार लागल्यापासून २१ दिवस सामना नाही. पालकांनी यात एक दिवसही कमी करू नये.

प्रश्न (मडगाव): सामोआत राहूनच कोणी रग्बी लीगचा व्यावसायिक खेळाडू होऊ शकतो का?

उत्तर: फार अवघड आहे. सामोआत राज्य युनियनचे आहे, 'मनू सामोआ' हा तिथला लाडका संघ, आणि लीगची पगारी स्पर्धा देशात नाही. गुणी मुलगा शाळेच्या वयातच ऑकलंड, सिडनी किंवा ब्रिस्बेनला जातो.

जुन्या पिढीची वाट वेगळी होती. युनियन ऑगस्ट १९९५ पर्यंत हौशी होती, पगार लीगमध्येच मिळे. त्यामुळे युनियनमध्ये नाव कमावून लोक लीगकडे येत. अपोलो पेरेलिनी १९९१ च्या युनियन विश्वचषकात, कार्डिफला वेल्सला १६-१३ असे हरवणाऱ्या वेस्टर्न सामोआच्या संघाचा होता, पुढे इंग्लंडच्या सेंट हेलन्समध्ये गाजला. जॉन शूस्टर आणि वाआइङा तुइङामाला न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सकडून खेळले आणि मग लीगमध्ये आले. तुइङामाला विगनचा विंगर म्हणून आजही तिथल्या जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीत आहे. याच लोकांच्या काळात, १९९५ मध्ये, सामोआ लीगच्या विश्वचषकात पहिल्यांदा उतरला, तेव्हा देशाचे नाव वेस्टर्न सामोआ होते. फ्रान्सला ५६-१० असे हरवले, स्वान्सीला वेल्सकडून २२-१० असे हरले. युनियनमध्ये पगार सुरू झाल्यावर हा ओघ आटला आणि सिडनी-ऑकलंडमध्ये वाढलेल्या मुलांचा काळ सुरू झाला.

प्रश्न (सांगली): वर 'ङ' का लिहिता? आणि ही नावे नीट उच्चारायची कशी?

उत्तर: सामोअन भाषा रोमन लिपीत लिहितात, पण तिथला 'जी' हा ग नाही. तो आपल्या 'वाङ्मय'मधला ङ आहे. इंग्रजी समालोचक अडखळतात त्या ठिकाणी मराठी माणसाकडे अक्षर तयार आहे, म्हणून आम्ही ते वापरतो. पेनरिथच्या आयझॅक टागोचे आडनावही खरे म्हणजे ताङो. प्रत्येक स्वर सुटा उच्चारायचा: लु-आ-इ, पा-उ-लो. 'तोआ' म्हणजे शूर योद्धा, त्यावरून 'तोआ सामोआ' हे संघाचे नाव. रोमन लिपीत अक्षरांमध्ये उलटा स्वल्पविराम दिसला तर तिथे घशात आवाज क्षणभर तोडायचा असतो. ब्रायनचे आडनाव 'टो' नाही आणि 'टू' तर नाहीच. 'तो' म्हणा, श्वास अडवा, मग 'ओ' म्हणा.